बाबांच्या दाढेआधी हे एकदा वाचा

प्रिय आई-बाबा,

माझी दाढ काढल्यावर फोनवर मला नीट बोलताच आलं नाही, तोंडात गॉज दाबून धरलेला होता आणि अर्धा ओठ बधिर, त्यामुळे आई तू उगाच घाबरलीस. मी छान आहे, गालाला सूज आहे, ती उतरेल. पण बाबा, आजचं पत्र खरं तुमच्यासाठी आहे, कारण "बेशुद्ध करणार असतील तर मला नकोच" असं म्हणत तुम्ही ती दाढ किती दिवस अंगावर काढताय.

तर मला बेशुद्ध केलंच नव्हतं. सेडेशन दिलं, म्हणजे जागं ठेवूनच भीती घालवणारं औषध. हाताच्या मागच्या शिरेत छोटी सुई लावली आणि त्यातून मिडॅझोलम नावाचं औषध थोडं थोडं दिलं, थोडं द्यायचं, थांबायचं, "कसं वाटतंय?" विचारायचं, मग परत थोडं. मी खुर्चीच्या हाताला इतकं घट्ट धरलं होतं की बोटं दुखायला लागली होती, आणि कधीतरी लक्षात आलं की हात सुटलाय आणि मांडीवर पडलाय. भीती गेली म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. सगळं कळत होतं पण कशाचंच काही वाटत नव्हतं. श्वास माझा मीच घेत होते, "तोंड मोठं उघडा" म्हटलं की उघडत होते.

आणि हो, ह्या औषधाने दुखणं थांबत नाही हां, त्यासाठी हिरडीत नेहमीचं भुलीचं इंजेक्शन देतातच, फक्त तेव्हा त्या सुईची धास्ती उरलेली नसते. दाढ काढताना दाब जाणवला, कळ अजिबात नाही. मधलं बरंचसं मला आठवतच नाही, नंतर कळलं की मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होते! हे जरा विचित्र वाटलं, पण असं होणार हे आधीच सांगितलं होतं.

बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप, दंडाला बीपीचा पट्टा, आणि एक जण फक्त त्या मॉनिटरकडे बघायला. औषध जास्त झालंच तर त्यावर उतारा असतो, फ्लुमाझेनिल म्हणून. बाबा, तुमच्या वयाला डोस कमी आणि अजून सावकाश देतात, म्हणून तर त्यांना सगळं खरं सांगायला हवं. बीपीची गोळी, रक्त पातळ व्हायची गोळी, सगळं. कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, त्या दिवशी कुठली घ्यायची आणि किती तास उपाशी राहायचं ते तेच सांगतील.

आई, तू गोळ्यांची यादी करून ठेव आणि बाबा झोपेत घोरताना मधेच श्वास अडकल्यासारखं करतात ते पण त्यात लिही, ते स्वतः सांगणार नाहीत आणि सेडेशनच्या डॉक्टरांना नेमकं तेच माहीत असावं लागतं. नंतर सोबत कुणीतरी लागतंच, २४ तास गाडी चालवायची नाही, कुठल्या महत्त्वाच्या कागदावर सही नाही. सोबतीला मी येतेय, रजा टाकते. तुम्ही फक्त तारीख कळवा.

दोघांना नमस्कार.

तुमची लेक