मायनिंगचे ‘ठरलेले’ उत्पन्न येणार कुठून?

महोदय,

गेल्या आठवड्यात निफाडहून आलेल्या पुतण्याने एक छापील कागद माझ्यापुढे ठेवला. बिटकॉइन मायनिंगचे मशीन घ्या, तीन वर्षे दरमहा पैसे मिळवा, अशी ती योजना. मायनिंग म्हणजे मशीनांची गणिती कोडे सोडवण्याची शर्यत; जिंकणाऱ्याला बिटकॉइन या आभासी चलनाची नवी नाणी मिळतात. पहिल्या महिन्याच्या रकमेला 36 ने गुणले होते आणि खाली लाल शाईत मोठा आकडा. द्राक्षाचे यंदाचे पैसे त्यात घालायचे पुतण्याच्या मनात होते.

तो गुणाकारच खोटा आहे. बिटकॉइनमध्ये सरासरी 10 मिनिटांना एक ब्लॉक, म्हणजे कोडे सुटल्यावर जोडला जाणारा व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा, पडावा, असे मुळातच बांधून दिले आहे. दर 2016 ब्लॉकनंतर, म्हणजे सुमारे 14 दिवसांनी, मागच्या फेरीला किती वेळ लागला ते सॉफ्टवेअर तपासते. ब्लॉक लवकर पडले असतील तर डिफिकल्टी, म्हणजे त्या कोड्याची काठिण्यपातळी, वाढते, उशिरा पडले असतील तर उतरते. हे कोणी साहेब ठरवत नाही. नेटवर्कमधला प्रत्येक नोड, म्हणजे हे सॉफ्टवेअर चालवणारा संगणक, तोच हिशेब स्वतः करतो. मला ही रचना फार आवडते, म्हणूनच तिच्या नावावर चाललेली फसवणूक सहन होत नाही.

पुतण्याला मी कालव्याचे उदाहरण दिले. गंगापूर धरणातून आवर्तन सुटते ते मोजून. काठावर मोटारी दुप्पट झाल्या म्हणून पाणी वाढत नाही, प्रत्येकाचा वाटा तेवढा घटतो. मायनिंगची मशीन वाढली की इथेही तेच. एप्रिल 2024 पासून एका ब्लॉकला 3.125 नवी नाणी मिळतात, म्हणजे साऱ्या जगात मिळून दिवसाला 450 च्या आसपास. दर 2 लाख 10 हजार ब्लॉकनंतर, साधारण चार वर्षांनी, तीही निम्मी होतात. विजेचे बिल मात्र निम्मे होत नाही.

उलटेही घडते. 2021 मध्ये चीनने मायनिंगवर बडगा उगारला, असंख्य मशीन बंद पडली आणि जुलैच्या सुरुवातीला डिफिकल्टी एका झटक्यात सुमारे 28 टक्के उतरली. मागे राहिलेल्यांचा वाटा आपोआप वाढला. वाटा असा वरखाली होत असताना तीन वर्षांची ठरलेली रक्कम कोण कशाच्या जोरावर देणार?

आपल्या अंकात बिटकॉइनचा भाव छापून येतो. त्याशेजारी डिफिकल्टी किती टक्के चढली वा उतरली, तेही द्यावे, ही विनंती. पुतण्याने तो कागद परत केला. त्याच्या गावातल्या दोघांनी मात्र आगाऊ रक्कम भरून टाकली आहे.

– एक निवृत्त गणित शिक्षक, इंदिरानगर, नाशिक