वॉरंटी नाकारल्याबद्दल तक्रार : ११ वर्षांची, ४१,२०० किलोमीटर चाललेली डिझेल गाडी

प्रति,
व्यवस्थापक, वापरलेल्या गाड्यांचा विक्री विभाग
आणि ग्राहक तक्रार कक्ष

खानापूर, जि. बेळगाव
१० नोव्हेंबर २०२५

विषय : इंजिन व गिअरबॉक्सचा वॉरंटी दावा "वयोमानामुळे झालेली झीज" असे कारण देऊन नाकारल्याबाबत

महोदय,

आपल्या बेळगावच्या शोरूममधून जून २०२५ मध्ये घेतलेल्या डिझेल हॅचबॅकबद्दल ही तक्रार आहे. गाडी मार्च २०१४ च्या बनावटीची, नोंदणी केए २२ ची. सोबत आपले तपासणी प्रमाणपत्र आणि एक वर्ष किंवा १५,००० किलोमीटरची वॉरंटी मिळाली होती. हे पत्र गाडीचा मालक आणि गिअरबॉक्स उतरवणारा मेस्त्री, अशा दोघांनी मिळून लिहिले आहे.

मुद्दा एकच आहे. विकताना आपण किलोमीटर मोजलेत आणि दावा आला तेव्हा वर्षे मोजलीत. शोरूममध्ये त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची, दीड लाख किलोमीटर चाललेली दुसरी गाडी उभी होती. तिची किंमत १,१०,००० रुपयांनी कमी होती. म्हणजे कमी रनिंगचे एक लाख दहा हजार आपण आमच्याकडून वेगळे घेतलेत. २४ ऑक्टोबरच्या पत्रात मात्र आपण लिहिता की गाडी ११ वर्षांची आहे, सील (तेल अडवणाऱ्या रबरी कड्या) आणि पट्टे जुने होणारच. हे आम्हाला मान्य आहे. पण मग हे जूनमध्येही खरेच होते, आणि प्रमाणपत्रावर त्याच सीलपुढे व त्याच पट्ट्यापुढे "ठीक" अशी खूण आहे.

चार महिन्यांत आणि ३,१०० किलोमीटरमध्ये काय बिघडले ते आधी सांगतो. ऑगस्टमध्ये जांबोटीच्या पुढच्या चढावर क्लच घसरू लागला. आरपीएम वाढे, गाडी वाढत नसे, जळका वास येई. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर, बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) खालच्या भोकातून तेल ठिबकत होते. ते तेल काळे होते आणि त्याला गिअर ऑइलचा गंधकासारखा वास नव्हता. म्हणजे ते इंजिनचे होते आणि क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलमधून येत होते. कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) दर आठ दिवसांनी खालच्या खुणेच्याही खाली जात होते. सकाळी थंड गाडीला दुसरा गिअर घालताना करकर होत असे.

आपला नकार हाती आल्यावरच गाडी उद्यमबागेतल्या गॅरेजात उघडली. त्याआधी आपल्याला तारीख व वेळ ईमेलने कळवली होती. आपल्याकडून कोणी आले नाही. काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवला आहे, फोटो सोबत आहेत.

मागचे सील बाहेर काढून त्याची ओठासारखी कड नखाने दाबली. नव्या सीलची कड दबते आणि सोडली की परत येते. ही दाबली गेलीच नाही. वाकवली तेव्हा वाळलेल्या आंब्याच्या सालीसारखी तडकली. रबर उष्णतेने आणि काळाने कडक होते, आणि गाडी उभी राहिली की कडेवरचा तेलाचा थर उतरून ती कोरडीच शाफ्टला टेकून राहते. रोज चालणाऱ्या गाडीचे सील तेलात भिजलेले असते. शाफ्टवर सीलच्या जागी खाच पडली आहे का, तेही बोट फिरवून पाहिले. खाच नाही. शाफ्ट झिजलेला नाही, फक्त रबर मेले आहे. क्लच प्लेटवर अस्तर भरपूर शिल्लक आहे, पण ते तेलाने भिजले आहे. तेल प्यायलेली प्लेट धुऊन पुन्हा बसवता येत नाही, गरम झाली की आतले तेल वर येते आणि ती पुन्हा घसरते. ही क्लचची झीज नाही, सीलचा परिणाम आहे. आपल्या पत्रात ती "वापरातील झीज" या रकान्यात टाकली आहे. ते चूक आहे.

टायमिंग पट्टा (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा) तर प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवावा असा आहे. उलटा वाकवला की दातांच्या मुळाशी आडव्या चिरा उघडतात. पाठीवर चकाकी आली आहे. यावर २०१४ चाच मूळ छाप आहे, म्हणजे तो एकदाही बदललेला नाही. गाडीच्या पुस्तिकेत या पट्ट्याला किलोमीटरची आणि वर्षांची अशा दोन मर्यादा आहेत, जी आधी येईल ती. किलोमीटरची मर्यादा फार लांब होती. वर्षांची केव्हाच उलटून गेली होती. या इंजिनात पट्टा तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात, हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवावे लागते. हे चोर्ल्याच्या घाटात, ट्रकच्या पुढे असताना झाले असते तर काय, याचा विचार आपल्या तपासनिसाने एकदा तरी करायला हवा होता. वरचे झाकण काढून बॅटरीच्या उजेडात पट्टा पाहायला पाव तासही लागत नाही.

कूलंट तांबूस गढूळ निघाले. त्यातली गंजरोधक रसायने काही वर्षांत संपतात, गाडी चालो वा न चालो, आणि मग ते आम्लधर्मी होऊन ॲल्युमिनियमचे हेड आणि वॉटर पंपाचे सील खाऊ लागते. पंपाच्या शाफ्टखालच्या छिद्रातून ओघळाचा माग आहे. कूलंट तिकडूनच जात होते.

आता इंजिनच्या आतले. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत दाबलेल्या हवेचा दाब) ३८०, ३७५, ३८५ आणि ३७० पीएसआय आले. फरक १५ चा, म्हणजे चार टक्के. पिस्टनच्या रिंगा, बोअर (सिलिंडरची आतली भिंत), व्हॉल्व्हच्या बैठकी उत्तम आहेत. किलोमीटरमुळे जे झिजते ते खरोखरच झिजलेले नाही, मीटर खरा आहे, आणि हे लिहायला आम्हाला संकोच नाही. पण तेल भरायच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर आहे आणि व्हॉल्व्ह कव्हरच्या आत काळा गाळ. त्याचे कारण आपल्याच सर्व्हिस नोंदीत आहे. तेल बदलले १०,०००, २०,०००, ३०,००० आणि ४०,००० ला. रोज सरासरी १० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला १०,००० व्हायला पावणेतीन वर्षे लागतात. पुस्तिका म्हणते १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. अकरा वर्षांत अकरा वेळा बदलायचे तेल चार वेळा बदलले गेले, आणि ते आपल्याच अधिकृत वर्कशॉपमध्ये. ही नोंद आपल्या संगणकात असताना आपण "पूर्ण सर्व्हिस इतिहास" असे छापून गाडी विकली.

आधीच्या मालकाची चूक काढायची नाही. घर ते कचेरी पाच किलोमीटर, कचेरी ते घर पाच किलोमीटर, असा तो वापर दिसतो. पाच किलोमीटरमध्ये कूलंटचा काटा कसाबसा वर येतो, पण तेल तापायला त्याहून बराच वेळ लागतो. तेल पुरेसे तापले नाही तर ज्वलनातून आलेली वाफ त्यातच पाणी होऊन राहते, काजळीबरोबर मिसळते, आम्ल आणि गाळ तयार होतो. आमच्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात आणि दमट हवेत हे आणखी बळावते. थंड इंजिन सुरू होताना तेल वरपर्यंत पोचायच्या आधीचे क्षण सगळ्यात जास्त झिजवतात.

याचा हिशेब कागदावर करून पाहावा. या गाडीने रोज दोनदा, असे अकरा वर्षांत सुमारे ८,००० वेळा थंड इंजिन सुरू केले. शोरूममधली दुसरी गाडी बेळगाव-धारवाड अशी पाऊणशे किलोमीटरच्या फेरीला पळत असेल, तर दीड लाख किलोमीटरला तिची सुरुवात होते २,००० वेळा. तास मोजले तर गावातल्या २० च्या वेगाने ४१,२०० किलोमीटर म्हणजे २,०६० तास, आणि महामार्गावरच्या ६० च्या वेगाने दीड लाख किलोमीटर म्हणजे २,५०० तास. किलोमीटरमध्ये साडेतीन पटीहून जास्त अंतर दिसते, इंजिन चालल्याच्या तासांत तो फरक सुमारे एकपंचमांशच राहतो. निपाणी-चिक्कोडीकडे ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ट्रॅक्टरच्या मीटरवर तासच असतात आणि तो तेल तासांवरच बदलतो.

गिअरबॉक्सचे गणित वेगळे. तिथे झीज ना नुसत्या किलोमीटरची, ना नुसत्या वर्षांची. पितळी सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणारी कडी) प्रत्येक गिअर बदलाला घासते. महामार्गावर पाचव्यात टाकलेली गाडी पाऊणशे किलोमीटर तशीच जाते, खडेबाजार-गणपत गल्लीत शंभर मीटरमध्ये पहिला-दुसरा तीनदा होतो. म्हणून चौथ्या-पाचव्याच्या रिंगा जवळपास नव्या आहेत आणि दुसऱ्याची गेली आहे. रिंग आणि गिअर यांच्यामधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ०.४ मिमी भरली. अशा गिअरबॉक्सना अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास मर्यादा असते, त्याखाली रिंग शंकूवर पकड घेत नाही आणि करकर होते. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप होता. तो चालतो. पण त्यात पितळेची पिवळी चमक होती आणि दोन बारीक कपचे होते. ते चालत नाही. दोन लिटरच्या गिअरबॉक्समधून तेल निघाले १.७ लिटर, तेही २०१४ चेच, कारण आपले वर्कशॉप हे तेल "आजन्म" समजते. ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या छिद्रातून) ओल आत जाते, तेल जुने होते, आणि त्याचा भार पितळावर पडतो. ते पाच-सहा वर्षांनी एकदा बदलले असते तर रिंग आणखी टिकली असती, असे आमचे स्पष्ट मत आहे. आता जीएल-४ दर्जाचे ७५डब्ल्यू-८० गिअर ऑइल भरले आहे. आपल्या वर्कशॉपच्या अंदाजपत्रकात जीएल-५ लिहिले होते, त्यातली गंधकयुक्त रसायने पितळी रिंगांना घातक ठरू शकतात. ती ओळ कृपया दुरुस्त करावी, दुसऱ्या कुणाच्या गाडीत ते पडू नये.

टायरचेही तसेच. प्रमाणपत्रात "खाच ४ मिमी, चांगले" असे आहे. खाच खरेच ४ मिमी आहे. पण बाजूवरचा चार आकडी छाप ०९१४ आहे, म्हणजे २०१४ चा नववा आठवडा, आणि कडेला बारीक भेगा आहेत. खाच मोजणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे तारीख होती.

दुरुस्तीचा खर्च ४७,७०० रुपये झाला : मागचे सील १,१५०, क्लच सेट रिलीज बेअरिंगसह ९,८००, टायमिंग पट्टा, टेन्शनर, आयडलर व वॉटर पंप ११,४००, दुसऱ्या गिअरची रिंग व स्लीव्ह ५,६००, तेले आणि कूलंट ५,२५०, मजुरी १४,५००. यातले तेल आणि कूलंट आम्ही मागत नाही, ते कुठल्याही मालकाने घालायचेच असते. सिंक्रोचा अर्धा भारही आमचा, कारण तो वापराने झिजतो. उरतात ३९,६५० रुपये. सील आणि पंप वॉरंटीत स्पष्ट लिहिलेले आहेत, क्लच सीलमुळे गेला, आणि पट्ट्याचा दावा वॉरंटीवर नाही तर "ठीक" या आपल्या लेखी खुणेवर आहे. ही रक्कम पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत द्यावी.

दुसरी मागणी पैशाची नाही. आपल्या प्रमाणपत्रात किलोमीटरच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात बनावटीचा महिना-वर्ष, टायमिंग पट्टा बदलल्याची तारीख, कूलंट व गिअर ऑइल बदलल्याची तारीख आणि टायरचा छाप असे रकाने घालावेत. माहीत नसेल तिथे "नोंद नाही" लिहावे. "नोंद नाही" वाचून गिऱ्हाईक त्या कामाचे पैसे बाजूला ठेवून भाव करील. आत्ताचा तक्ता भरणारा तपासनीस प्रामाणिक असला तरी त्याला वय लिहायला जागाच नाही.

तोडगा निघाला नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. तिथे प्रमाणपत्र, सर्व्हिस नोंदी आणि डब्यात ठेवलेले सील व पट्टा हाच पुरावा असेल. भाग पाहायचे असतील तर कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी १० ते १ मध्ये गॅरेजात यावे, येण्याआधी फोन करावा. वॉरंटीच्या अटी आम्हाला फक्त इंग्रजीत मिळाल्या आहेत, त्यांची मराठी प्रत आणि या पत्राचे उत्तर मराठीत द्यावे.

आपले,
गाडीमालक (सही)
मेस्त्री (सही)