फाइलवरच्या त्या एका ओळीसाठी

डॉक्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते रुचणार नाही. आईच्या हृदयाची झडप बदलायची होती तेव्हा वॉर्डात रात्रपाळीला तुम्ही होतात, एवढी खूण पुरे.

तुमच्याआधी ज्यांना ज्यांना आम्ही सांगितलं की मामाला बायपासनंतर डायलिसिसवर ठेवावं लागलं होतं, त्यांनी ते उडवून लावलं. "ऑपरेशन भावाचं नाही, यांचं आहे," असं एक मोठे डॉक्टर हसत म्हणाले. दुसऱ्यांनी मला इंटरनेटवर कमी वाचायचा सल्ला दिला. शेवटी आईने तो विषय काढणंच सोडलं.

तुम्ही स्टूल ओढून बसलात. "मावशी, भावाचं काय झालं होतं? पहिल्यापासून सांगा." आई सांगत राहिली, मध्येच भरकटली, मामाच्या लग्नापर्यंत गेली. तुम्ही तोडलं नाहीत. मग फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलंत: "सख्ख्या भावाला बायपासनंतर किडनीला इजा." आईने ती ओळ मला वाचायला लावली, दोनदा. कुणीतरी आपलं खरं मानलं, याचंच तिला अप्रूप. मला तर आजही ते आठवलं की गळा दाटतो.

तुम्ही घाबरवलंही नाहीत. ऑपरेशनवेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर असताना किडनीला रक्तपुरवठा कमी पडू शकतो, लाल पेशी फुटतात, शरीरात दाह उसळतो. हे सोसण्याची ताकद प्रत्येकाची वेगळी आणि त्यात जनुकांचाही वाटा असावा, असं सांगितलंत. पण बोट ठेवावं असं एक जनुक हाती लागलेलं नाही, एका अभ्यासात दिसलेलं दुसऱ्यात दिसत नाही, त्यामुळे आधीच सांगेल अशी रक्ततपासणी नाही, हेही लपवलं नाहीत. शिवाय भावंडांना मधुमेह आणि बीपीही एकाच घरातून मिळतात, म्हणून नुसता जनुकांवर ठपका नको. इतकं सरळ आमच्याशी तोवर कुणी बोललंच नव्हतं.

त्या ओळीमुळे किडनीला जड जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या टळल्या आणि तासातासाची लघवी नीट मोजली गेली. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात साठणारा टाकाऊ घटक, उशिरा चढतं, लघवी बरेचदा आधी सांगते, हे तुमच्याकडूनच कळलं. दुसऱ्या दिवशी ते ०.९ वरून १.३ झालं, तेव्हा ४८ तासांत ०.३ ची वाढही किडनीची इजाच मानतात म्हणून कुणी "एवढं चालतं" म्हटलं नाही. तिथेच ते थांबलं. ओळ नसती तरी थांबलं असतं का, कोण जाणे. मला तो हिशेब करायचाच नाही.

ज्ञान त्या मोठ्या डॉक्टरांकडेही असणारच. ऐकून घेण्याची माणुसकी मात्र पदाबरोबर मिळत नाही, आणि ती असलेली माणसं आहेत म्हणून दवाखान्याची पायरी चढवते.

तीन महिन्यांनी तपासा म्हणाला होतात, तपासलं. ०.९. आई म्हणते, त्या डॉक्टर मुलीला आधी कळव.

तुमच्या मावशींचा मुलगा