जुन्या सुपरहिरोंचे खोके रद्दीत घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीपूर्वीची साफसफाई सुरू झाली की बेळगावातील घराघरांतून माळ्यावरचे सामान खाली येते आणि त्यातला पुठ्ठा सर्वांत आधी रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढतो. त्या पुठ्ठ्यात सुपरमॅन, बॅटमॅन, स्पायडरमॅन अशा सुपरहिरोंच्या जुन्या अ‍ॅक्शन फिगरचे (हातपाय हलणाऱ्या छोट्या पुतळ्यांचे) खोके किंवा ज्यांवर लावून त्या विकल्या जात ती पुठ्ठ्याची कार्डे असतील, तर ती टाकण्यापूर्वी एकदा उलटून पाहावीत, अशी सीमाभागातील वाचकांना कळकळीची विनंती आहे. खेळणे जपून ठेवणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. वेष्टन जपणारी विरळाच. संग्राहकाला हवी असलेली बरीचशी माहिती मात्र वेष्टनावरच असते.

फिगरच्या पाठीवर किंवा पायावर जे वर्ष उमटवलेले असते, ते बहुधा स्वामित्वहक्काचे असते. एकदा केलेला साचा पुढे कित्येक वर्षे वापरात राहतो, त्यामुळे हातातली वस्तू नेमकी कधी तयार झाली, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. कार्डावरून ते पुष्कळदा ठरवता येते. अमेरिकेतील केनर कंपनीने १९८४ ते १९८६ या काळात ‘सुपर पॉवर्स’ ही खेळण्यांची मालिका बाजारात आणली. सुपरमॅनचे पाय दाबले की त्याचा हात ठोसा मारी, फ्लॅशचे हात दाबले की त्याचे पाय धावू लागत, अशी त्यात करामत होती. पहिल्या वर्षी १२ पात्रे निघाली, म्हणून कार्डाच्या मागे १२ चित्रे छापली गेली. पुढच्या वर्षी खलनायक डार्कसाइड आणि त्याच्या साथीदारांसह ११ पात्रांची भर पडून ती २३ झाली आणि शेवटी ३३. बॅटमॅन तोच, पण १२ चित्रांच्या कार्डावरचा आधीचा आणि २३ चित्रांच्या कार्डावरचा नंतरचा. कार्ड फेकून दिले की हा फरक कायमचा पुसला जातो. कॅनडात हीच मालिका इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन भाषांतील कार्डांवर विकली गेली, हा आणखी एक प्रकार.

या कार्डांपैकी काहींच्या मागचा छोटासा तुकडा कात्रीने कापून घेतलेला दिसतो. खरेदीचे असे पुरावे जमवून टपालाने पाठवले की दुकानात न मिळणारी क्लार्क केंटची, म्हणजे साध्या वेषातल्या सुपरमॅनची, फिगर घरपोच येत असे. कापलेल्या कार्डाला बाजारात किंमत कमी येते, हे खरे आहे. तरीही मला तेच अधिक मोलाचे वाटते, कारण ते कार्ड एखाद्या मुलाच्या हातून गेले आहे याची खूण त्यावर राहिलेली असते.

‘सुपर पॉवर्स’च्या आधी मेगो कंपनीने १९७२ पासून काढलेल्या, कापडी पोशाखातल्या आठ इंची फिगरही प्रथम पूर्ण बंद खोक्यात, मग पारदर्शक खिडकीच्या खोक्यात आणि पुढे कार्डावर आल्या. त्यातल्या सुरुवातीच्या बॅटमॅनचा मुखवटा काढता येत असे. नंतरच्याला तो डोक्याबरोबरच घडवलेला होता.

आपल्याकडील वेष्टनांचा अभ्यास तर अद्याप व्हायचाच आहे. एमआरएफ आणि अमेरिकेतील हॅस्ब्रो यांच्या सहकार्यातून उभ्या राहिलेल्या फनस्कूल या खेळणी कंपनीचा कारखाना गोव्यात, म्हणजे आपल्या अगदी शेजारी होता. तेथले ‘जी. आय. जो’ हे सैनिक, सुपरहिरो नव्हेत. पण त्यांतील काही फिगर मूळ अमेरिकन फिगरपेक्षा वेगळ्या रंगांत निघाल्यामुळे परदेशातील संग्राहक त्या आवर्जून शोधतात. लिओ या कंपनीने आपल्याकडे काढलेल्या ही-मॅनच्या फिगरचेही तसेच आहे. त्यातच, वेष्टित वस्तूंसंबंधीच्या १९७७ च्या नियमांमुळे आपल्याकडे उत्पादकाचे नाव व पत्ता, माल वेष्टित केल्याचा महिना व वर्ष आणि किंमत वेष्टनावर देणे बंधनकारक झाले. अमेरिकन कार्डावर चित्रे मोजून जे ताडावे लागते, ते भारतीय कार्डावर सरळ वाचता येते, आणि तरीही आपण ते रद्दीत घालतो.

माझ्या संग्रहातील एका कार्डाचे टांगण्याचे भोक फाटलेले आहे. मागे गणपत गल्लीतील एका दुकानाचा जांभळ्या शाईचा शिक्का पुसट दिसतो आणि त्याच्या शेजारी बॉलपेनने तीन अक्षरे लिहिलेली आहेत. ती दुकानदाराची खरेदीची किंमत. आकड्यांऐवजी अक्षरे लिहिण्याची ही रीत जुन्या व्यापाऱ्यांत सर्रास होती आणि तिची किल्ली दुकानाबाहेर जात नसे.

अलीकडे नवी कार्डे छापून त्यांवर जुनी सुटी फिगर चिकटवून विकण्याचे प्रकार वाढले आहेत. ही सरळसरळ फसवणूक आहे. भिंगातून पाहिले तर जुन्या ऑफसेट छपाईचे ठिपके नेमाने बसलेले दिसतात, घरगुती प्रिंटरचे अस्ताव्यस्त विखुरलेले असतात. एवढी तपासणी घेणाऱ्याने केलीच पाहिजे.

बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात कार्ड दमट होऊन वाकते आणि त्याला बुरशी लागते. त्यावर चिकटपट्टी लावू नये, रबरबँड घालू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. कार्ड सैल पिशवीत, कोरड्या कपाटात उभे ठेवावे. उन्हाने फिगरवरचा पारदर्शक फुगवटा पिवळा पडतो, त्यामुळे खिडकीजवळची जागा टाळावी.

१८४८ पासूनचे सार्वजनिक वाचनालय ज्या शहरात आहे, तेथे अशा कार्डांचे छोटे प्रदर्शन भरवणे अवघड नाही. खडेबाजार, गणपत गल्ली आणि निपाणीच्या बाजारपेठेतील जुन्या खेळणी विक्रेत्यांनी गोदामात पडून असलेल्या मालाची, घाऊक दरपत्रकांची आणि रिकाम्या खोक्यांची छायाचित्रे घेऊ द्यावीत आणि जमल्यास त्या सांकेतिक अक्षरांची किल्लीही सांगावी. आपल्या दैनिकाने रविवारच्या पुरवणीत या छायाचित्रांना थोडी जागा दिली, तर चिकोडी आणि संकेश्वरच्या माळ्यांवरूनही आणखी काही कार्डे उजेडात येतील.

आपला विश्वासू,
एक संग्राहक
शहापूर, बेळगाव