सहा प्रकरणे उरतात

महोदय,

‘राक्षस-चेटक्यांच्या गोष्टी या वयात कशाला वाचता?’ असे गेल्या महिन्यात मला दोघांनी विचारले. हातात ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा तिसरा खंड होता. जे. आर. आर. टॉल्किन यांची ही कादंबरी १९५४-५५ साली प्रसिद्ध झाली आणि ७० वर्षांनंतरही लोक ती वाचतात. त्या दोघांना तेव्हा नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

बहुतेकांना ही कथा सिनेमामुळे ठाऊक आहे. एक घातकी अंगठी ज्वालामुखीत नेऊन टाकायची, आणि त्यापायी मोठमोठी युद्धे. पुस्तकात ती अंगठी नेणारा फ्रोडो अखेर त्या कड्यावर पोहोचतो आणि अंगठी टाकायला नकार देतो. सगळ्यांची आशा ज्याच्यावर, तोच शेवटच्या पावलावर हरतो. काम तडीस जाते ते गॉलममुळे. मारणे सहज शक्य असताना आधी फ्रोडोचा नातलग बिल्बो याने आणि मग फ्रोडोने ज्याला दया येऊन सोडले, तोच हा गॉलम. हरलेल्या नायकाकडे इतक्या मायेने पाहणारा लेखक मला तरी दुसरा भेटलेला नाही.

अंगठी वितळते, तेव्हा अजून सहा प्रकरणे उरलेली असतात. फ्रोडो आणि त्याचे तिघे मित्र शायरला, आपल्या गावी परततात तर झाडे तोडलेली, जुनी पाणचक्की पाडून तिथे धूर ओकणारी विटांची इमारत उभी, ओढ्याचे पाणी नासलेले. मैदानातले जुने झाड आडवे पडलेले पाहून त्यांच्यातल्या सॅमला रडू कोसळते. २००१ ते २००३ मध्ये आलेल्या तीन सिनेमांत गावाची ही दुर्दशा जवळपास नाहीच. माझ्यासाठी मात्र पुस्तकाचा जीव तिथे आहे.

टॉल्किन १९१६ साली पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होते. १९१८ पर्यंत एक सोडून आपले सगळे जिवलग मित्र गेले होते, असे त्यांनी प्रस्तावनेत लिहिले आहे. कादंबरी म्हणजे कशाचेही रूपक नव्हे, हेही ते ठासून सांगतात. त्याच प्रस्तावनेत ते लहानपणच्या गावाची आठवण काढतात. एके काळी भरभराटीला असलेली तळ्याकाठची पिठाची गिरणी मोडकळीला आल्याचे छायाचित्र त्यांनी वर्तमानपत्रात पाहिले होते. ते वाक्य वाचून मी पुस्तक मिटून बसलो.

कारण माझे वडील कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. भोंगा झाला की आई चुलीवरचा तवा उतरवून डबा बांधायची. मी दहावीत असताना गिरणी बंद पडली. शायरमध्ये धुराडे उभे राहिले म्हणून लोक रडतात, सोलापुरात धुराडे थंड पडले म्हणून आम्ही रडलो. गोष्ट उलटी आहे खरी, पण परतलेल्या माणसाला आपले गाव ओळखू येऊ नये, हे दुःख एकच.

ही भावना आपल्याला परकी नाही. भारतीय युद्ध १८ दिवसांत आटोपते, तरी महाभारत तिथे थांबत नाही. स्त्रीपर्वातला आक्रोश, राज्य नको म्हणणारा धर्मराज हे सगळे पुढेच येते. अंगठी नेताना फ्रोडोला झालेला घावही दर ६ ऑक्टोबरला, तो झाला त्या तारखेला, ठणकतो आणि कधीच पुरता भरत नाही. अशा पुस्तकाला ‘पळवाट’ म्हणणाऱ्यांनी ते शेवटपर्यंत वाचले असेल, असे मला वाटत नाही.

मुग्धा कर्णिक यांचा ‘स्वामी मुद्रिकांचा’ हा मराठी अनुवाद उपलब्ध आहे. आपल्या शहरातल्या वाचनालयांनी आणि शाळांनी तो जरूर घ्यावा, आणि तिन्ही खंड घ्यावेत. मूळ कादंबरी एकसलग लिहिलेली आहे, पहिलाच खंड ठेवला तर वाचक अर्ध्या वाटेवर अडकतो.

वडिलांना आता दिसत नाही, म्हणून रोज रात्री जेवणानंतर मी त्यांना वाचून दाखवतो. परवा झाड तोडल्याच्या प्रसंगाशी थांबलो. बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, “मग त्या पोरानं दुसरं लावलं का?” पुढच्या प्रकरणात सॅम भेट मिळालेले बी त्याच जागी लावतो आणि वसंतात ते उगवते. मी सांगितले नाही. म्हटले, “अण्णा, उद्या वाचू.”

— गिरणी कामगाराचा मुलगा, सोलापूर