सरासरी वाढली, पण शिकलं कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

करोनाकाळातल्या 'ब्लेंडेड लर्निंग'चे, म्हणजे काही वर्गात आणि काही ऑनलाइन शिकवण्याच्या मिश्र पद्धतीचे, दाखले शिक्षणाच्या चर्चेत अजूनही सर्रास दिले जातात. त्यामागचे शोधनिबंध उघडले, तर बरेचदा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला गूगल फॉर्म आणि 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' असे उत्तराचे पाच पर्याय, एवढाच ऐवज हाती लागतो. प्रश्नावलीची विश्वासार्हता मोजणारा 'क्रॉनबाख आल्फा' हा आकडा ०.८ च्या वर गेला की मार्गदर्शकही निर्धास्त. आल्फा एवढंच सांगतो की प्रश्नावलीतली उत्तरं एकमेकांशी जुळतात. कोणी काही शिकलं का, याच्याशी त्याचा संबंध नाही.

शिवाय फॉर्म पोहोचतो तो आधीच ऑनलाइन असलेल्यांपर्यंत. 'असर' या शालेय शिक्षणाच्या २०२१ च्या ग्रामीण पाहणीत ६७.६ टक्के विद्यार्थ्यांच्या घरी स्मार्टफोन होता, पण त्यांतल्या २६.१ टक्के मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. ही मुलं फॉर्म भरणार कुठून? नमुना हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून निवडावा, आणि फोन नसलेल्यांकडे छापील कागद घेऊन जावं.

त्याहून मोठी गफलत गळतीची. समजा, पूर्वचाचणीत ४० मुलांची सरासरी ५० आहे. पुढं १० मुलं गळाली; त्यांची सरासरी होती ३२. उरलेल्या ३० जणांची सरासरी, कोणी अक्षरही न शिकता, ५६ होते. निबंधात हेच सहा गुण 'मिश्र पद्धतीची परिणामकारकता' म्हणून मिरवतात. तुलना दोन्ही चाचण्या दिलेल्यांचीच करावी आणि गळालेल्यांचे पूर्वचाचणीचे गुण वेगळ्या तक्त्यात द्यावेत. तुलनेला मिश्र पद्धतीनं न शिकलेली दुसरी तुकडीही हवीच. सहा महिन्यांत मूल एरवीही थोडं पुढं जातं, आणि एकाच वर्गाला लावलेली टी-चाचणी (दोन सरासरींतला फरक पडताळणारी सांख्यिकी कसोटी) त्याचं श्रेय खुशाल ॲपला देते. दोन्ही तुकड्यांना मिळालेली मिनिटं मोजायला हवीत. अमेरिकी शिक्षण खात्याच्या २०१० च्या अहवालात मिश्र पद्धत सरस ठरली खरी, पण त्या गटांना बऱ्याचदा जादा वेळ आणि जादा साहित्य मिळालं होतं, हे अहवालानंच बजावलं होतं.

शाळा बंद असतानाही नेटकं संशोधन होऊ शकतं. बोट्सवानात २०२० मध्ये सुमारे ४,५०० कुटुंबांची यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, विभागणी झाली. एका गटाला दर आठवड्याला गणिताचा एसएमएस, दुसऱ्याला एसएमएस आणि वीसेक मिनिटांचा फोन, तिसऱ्याला काहीच नाही. चाचणीही फोनवरच घेतली. नुसत्या एसएमएसनं फारसं साधलं नाही. फोनची जोड मिळाल्यावर गुण ०.१२ प्रमाण विचलनानं (गुण सरासरीभोवती किती विखुरलेत, याचं माप) वाढले. इंटरनेट लागलंच नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगानं मे २०२१ च्या टिपणात प्रत्येक विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना मांडली. तो भाग व्याख्यानाचा की सरावाचा, हे तपासणारे प्रबंध यायला हवेत. आणि आपणही अशा संशोधनाची बातमी छापताना पटावर किती मुलं होती व शेवटची चाचणी किती जणांनी दिली, हे दोन आकडे जरूर छापावेत.

आपले,
शिक्षणशास्त्राचे काही अध्यापक, पुणे