व्हेंडरला तारीख नको, तालीम विचारा

मँचेस्टर,
रविवार

ती. आण्णा व ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

आण्णा, परवा फोनवर तुम्ही जाता जाता बोललात की आपल्या सांगलीच्या पतसंस्थेचं नवं सॉफ्टवेअर चालू करायचं ठरलंय. व्हेंडरचा, म्हणजे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा, माणूस शनिवारी संध्याकाळी पेनड्राइव्ह घेऊन येणार, रविवारी सगळं उचलून टाकणार आणि सोमवारी सकाळी काउंटर नव्यावर. पुढं तुम्ही कृष्णेच्या पाण्याचं सांगत होतात, पण माझं डोकं तिथंच अडकलं. इथं मी पोटापाण्यासाठी हेच काम करते, एका सिस्टीमवरचा कोड (प्रोग्रॅमच्या लिहिलेल्या ओळी) आणि डेटा (खात्यांची माहिती) दुसरीवर नेणं. फोनवर सांगितलं तर तुम्ही "बरं बरं, बघू" म्हणून सोडून द्याल, म्हणून पत्र. संचालक मंडळाच्या सभेत पुढ्यात ठेवून बोलता येईल अशा बेतानं लिहिते. आई, तुला यातलं काही नको असेल तर सरळ शेवटाकडं जा.

तारीख पुढं ढकला असं मी म्हणत नाही. तारीख ठरण्याआधी व्हेंडरनं काय करून दाखवलं पाहिजे ते ठरवा. पतसंस्थेतल्या ठेवींना बँकेसारखं पाच लाखांचं विमा कवच नसतं, हे सभासदांना चांगलं ठाऊक आहे. सोमवारी चार पासबुकांत चुकीची शिल्लक छापली गेली, तर मंगळवारी गणपती पेठेत सॉफ्टवेअरची चर्चा होणार नाही, ठेवींची होईल.

इथल्या टीएसबी बँकेचं प्रकरण आमच्या धंद्यात अजून निघतं. एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारी त्यांनी सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती जुन्या मालक बँकेच्या सिस्टीमवरून नव्यावर नेली. डेटा नीट पोचला होता बरं का. पण ग्राहक आत शिरायला लागल्यावर नवी यंत्रणाच बसली. १९ लाखांपर्यंत लोकांना ऑनलाइन खातं उघडेना. कारभार सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला आणि २०२२ च्या डिसेंबरात नियामकांनी ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड ठोठावला. चौकशीत निघालं ते असं: चालू डेटा सेंटर दोन, लोडची चाचणी, म्हणजे एकदम गर्दी झाली तर यंत्रणा टिकते का ते बघणं, घेतली एकावरच. शिवाय बहुतेक सगळं एकाच दमात हलवण्याचा अट्टाहास. एवढ्या मोठ्या बँकेचं हे झालं, तर आपल्या सहा काउंटरच्या संस्थेनं चाचणीचा आग्रह धरला म्हणून व्हेंडरनं नाक मुरडायचं कारण नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्याकडं एक साधा नियम पाळतात: कोड वर चढतो, डेटा खाली उतरतो. सॉफ्टवेअरचे निदान तीन मुक्काम असतात. लिहिणाऱ्याचं मशीन, टेस्ट सर्व्हर आणि जिथं खरे पैसे हलतात तो लाइव्ह. कोड खालून वर जातो आणि वाटेत त्यातलं एक अक्षर बदलत नाही. टेस्टवर जी फाइल पास झाली तीच, त्याच व्हर्जन नंबरची, लाइव्हवर चढवायची. "साहेब, एवढ्यासाठी परत कुठं जायचं, इथंच पाच मिनिटांत करून देतो" असं कुणी म्हणालं की त्याला चहा पाजा आणि कीबोर्डपासून लांब बसवा. लाइव्हवर हातानं केलेली दुरुस्ती टेस्टवर नसते. पुढच्या महिन्यात नवं व्हर्जन आलं की ती पुसली जाते आणि जुनी चूक पुन्हा उपटते. कोणती ओळ कुणी, कधी, कशासाठी बदलली याची नोंद ठेवायला गिट नावाचं सॉफ्टवेअर आहे. लिनस टोरवाल्ड्सनं ते २००५ मध्ये लिहिलं, फुकट मिळतं. व्हेंडर ते वापरतो का हे जरूर विचारा. "आमच्याकडं फोल्डरला तारीख टाकून ठेवतो" असं उत्तर आलं तर काळजी करा.

जे प्रत्येक मुक्कामावर वेगळं असतं, म्हणजे सर्व्हरचा पत्ता, पासवर्ड, एसएमएसची जोडणी, ते कोडच्या पोटात नसावं, बाहेरच्या सेटिंगमध्ये असावं. आणि डेटाच्या तक्त्यात नवा रकाना घालायचा तर तोसुद्धा हातानं नाही, लिहून ठेवलेल्या आज्ञांच्या फाइलनं, म्हणजे स्क्रिप्टनं, आधी टेस्टवर चालवून.

डेटा मात्र उलटा येतो, लाइव्हवरून खाली टेस्टवर, कारण खऱ्यासारखा डेटा नसेल तर चाचणीला अर्थ नाही. दादा सांगत होता की व्हेंडरनं सगळ्या सभासदांची यादी आपल्या ऑफिसात तपासायला मागितली आहे, आधार, पॅन, मोबाइलसकट. आण्णा, हे अजिबात देऊ नका. खाली उतरताना नावं बदलायची, आधार-पॅन झाकायचे, मोबाइल नंबर खोटे घालायचे. रकमा आणि तारखा तेवढ्या खऱ्या ठेवा, व्याजाची परीक्षा त्यावरच होते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर त्यात कमाल २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण कायदा राहू द्या. मोबाइल नंबर खरे राहिले तर टेस्ट सर्व्हरवर कुणीतरी थकबाकीचं बटण दाबून बघणार, आणि रात्री अकरा वाजता कधीही कर्ज न काढलेल्या मास्तरांना "आपले तीन हप्ते थकले आहेत" असा मेसेज जाणार. ही गंमत आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी होते.

आता तालीम. तुम्ही भावे नाट्यमंदिरात हौशी नाटकांत काम केलंय, तुम्हाला जास्त सांगायला नको. नुसतं संहितावाचन झालं म्हणून कुणी तिकिटं विकत नाही. कपडे, प्रकाश, संगीत लावून रंगीत तालीम होते, आणि कोणता पडदा अडकतो ते तिथंच कळतं. व्हेंडरला तसंच सांगा: शुक्रवार रात्रीचा जुना डेटा घ्या, टेस्टवर पूर्ण चढवा, घड्याळ लावून. किती तास लागले ते लिहा. रविवारी दुपारपर्यंत चढवणं संपणारच नसेल, तर हे आज कळलेलं बरं. सगळं पुसून पुन्हा तीच कृती त्याच कागदावरून करायला लावा, या खेपेला दुसऱ्या माणसाकडून. कागद पुरा आहे की पहिल्याच्या डोक्यात अर्धा आहे, ते तिथं समजतं.

चढवल्यावर जुळवणी. इथं तुमचा हात कुणी धरणार नाही. जुन्या सिस्टीमची तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळेबंदाआधीचा तक्ता) आणि नव्याची तेरीज एकाच तारखेची काढा आणि खात्यागणिक लावा: शेअर्स, मुदत ठेव, पिग्मी, कर्ज, येणं व्याज, अनामत. पैशापर्यंत जुळली पाहिजे. "रुपया-दोन रुपयांचा फरक राउंडिंगचा आहे" हे उत्तर घेऊ नका. राउंडिंगचा असेल तर कोणत्या खात्यात किती, याची यादी द्या म्हणावं. पण बेरीज जुळली म्हणजे काम झालं असंही नाही. एकाची ठेव दुसऱ्याच्या नावावर गेली तरी बेरीज तीच राहते. म्हणून खात्यांची संख्या मोजा, आणि अडचणीची खाती मुद्दाम निवडून एकेक डोळ्यांनी बघा. अज्ञान मुलाचं पालक असलेलं खातं, मयत सभासदाची वारसनोंद, मुदतीआधी मोडलेली ठेव, हप्ते बांधून दिलेलं थकीत कर्ज, दोघांच्या नावचं खातं. सरळ खाती सहसा सरळच जातात.

डेटा एक्सेलमधून फिरवणार असतील तर दोन जागा नक्की बघा. ००४१७ हा खाते क्रमांक एक्सेल नुसता ४१७ करतं, आणि सोळा आकडी क्रमांक असेल तर शेवटचा आकडा शून्य करून टाकतं, कारण त्याला पंधराच आकडे धड सांभाळता येतात. दुसरी जागा तारखेची. ०३/०४ म्हणजे आपल्याकडं ३ एप्रिल, पण मशीन अमेरिकी पद्धतीवर असेल तर ४ मार्च. महिन्याच्या बारा तारखेपर्यंतच्याच तारखा अशा उलटतात, तेरापासून पुढच्या उलटूच शकत नाहीत. त्यामुळं वरवर चाळलं तर सगळं ठीक दिसतं. व्याज मात्र मार्चअखेरीच्या अलीकडं-पलीकडं जातं.

आणि मराठी नावं! जुनं सॉफ्टवेअर ज्या काळातलं आहे, त्या काळात मराठी अक्षरं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनना सारखी कळणाऱ्या अक्षरांच्या क्रमांकांत, नसायची. आतमध्ये इंग्रजी चिन्हंच साठवलेली असायची आणि वर फाँटचं कातडं. तो फाँट काढला की ‘पाटील’ची चिन्हांची रांगोळी होते. कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरांत आणि रफारात मार खातात. ‘कुऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’, ‘तांबोळी’, ‘ॲड.’ अशी नावं शोधून बघा. दिसायला सारखंच, पण आत वेगळ्या तऱ्हेनं लिहिलेलं नाव शोधात सापडत नाही. मग कारकून नवं खातं उघडतो आणि एका माणसाचे दोन सभासद होतात. आत्याचं नाव तर आधीच तीन तऱ्हांनी लिहिलेलं आहे, तिथून सुरुवात करा.

बॅकअपबद्दल व्हेंडर म्हणेल "रोज रात्री आपोआप होतो". विचारा, तो परत चढवून कधी बघितलाय? गिटलॅब नावाच्या मोठ्या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला एका इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसला. बॅकअपच्या निरनिराळ्या सोयी होत्या, पण ऐनवेळी धड कामाला आली नाही एकही. रोजचा बॅकअप व्हर्जन न जुळल्यामुळं मुळात होतच नव्हता, आणि तो फसल्याचे ईमेल कुणापर्यंत पोचत नव्हते. टेस्टिंगच्या कामासाठी सहा तास आधी सहज घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर निभावलं. मधल्या सहा तासांचा डेटा गेलाच. त्यांनी हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, म्हणून आम्ही शिकलो. आपल्याकडं त्यात पुराची भर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची डिस्क त्याच कपाटात, ही व्यवस्था सांगलीत तरी कुणी करू नये. एक प्रत नदीपासून लांब, दुसऱ्या इमारतीत, कुलपात.

प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी दोनच गोष्टी. एक, परतीची वेळ आधी लिहून ठेवा. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत तेरीज जुळली नाही तर सोमवारी जुनंच सॉफ्टवेअर, वाद नाही. हा निर्णय व्हेंडरचा नाही, तुमच्या व्यवस्थापकाचा. दुसरी, सगळ्या काउंटरवर एकच व्हर्जन आहे हे कुणीतरी फिरून पाहिलं पाहिजे. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर दलालीच्या कंपनीनं नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर टाकला. आठव्यावर जुनाट कोड जागा झाला आणि भराभर ऑर्डरी सोडत सुटला. घाबरून त्यांनी सातांवरचा नवा कोड काढला, तर तिथंही तेच सुरू झालं. पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून जास्त बुडाले. म्हणून मागं फिरण्याचीही तालीम घ्यायची.

महिनाभर दोन्ही सिस्टीम शेजारी शेजारी चालवा असं काही लोक सांगतात. मला ते पटत नाही. कारकून प्रत्येक नोंद दोनदा करून आठवड्यात वैतागतात, आणि मग दोन्हीकडं चुका. त्यापेक्षा आधी एकच लहान शाखा नव्यावर न्या, पंधरा दिवस बघा, मग मुख्य कार्यालय. मार्चमध्ये नको, गणपतीत नको, आणि धरणाचं पाणी सोडायच्या दिवसांत तर नकोच.

व्हेंडर चांगला असेल तर या प्रश्नांनी रागावणार नाही, उलट त्याला बरं वाटेल. चिडला तर करारावर सही करायच्या आधी चिडला हे उत्तम. करारात एक ओळ घालून घ्या की संस्थेचा सगळा डेटा उद्या दुसरीकडं न्यायचा झाला तर वाचता येईल अशा स्वरूपात, जादा पैसे न घेता, तो देईल. ही ओळ नंतर कुणी घालून देत नाही.

आई, हळद पोचली. बेदाणे शेजारणीला दिले, तिनं केकात घातले. गुडघ्याचा एक्स-रे काढून घे, टाळू नकोस. वहिनीला आणि दादाला नमस्कार, पोरांना पापा.

तुमची,
धाकटी

ता. क. कराराचा मसुदा आला की फोटो काढून पाठवा, रात्री वाचून कळवते. त्याच फोटोत व्यवस्थापकांच्या टेबलाच्या काचेखालची सर्व्हरच्या पासवर्डची चिठ्ठी येऊ देऊ नका. खरं तर ती चिठ्ठी आजच काढा आणि पासवर्ड बदला.